माझं अंग, काळी-पिवळीचे पाय

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. वय विचारू नका. तुमच्या आजोबांना मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा मी शिरड शहापूरच्या रस्त्यावर धूळ उडवत होते, एवढ्यावरून काय ते समजा. आणि एक कबुलीही आधीच देऊन टाकते. मी सगळीच्या सगळी मी नाही. वरचं अंग माझं आहे, खालचे पाय दुसरीचे. हसू आलं ना? येऊ द्या. मला तर पहिल्यांदा रडूच आलं होतं. आता मात्र त्या गोष्टीचं इतकं नवल वाटतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. जहाजातून मी मुंबईला आले, तिथून हैदराबादला एका वकिलांकडे राहिले आणि मग माझे आताचे मालक व्यंकटराव यांच्या वडिलांनी मला शिरडला आणलं. काय सांगू माझा थाट! गर्द हिरवा रंग, गोल फुगीर बॉनेट, दारांना चकचकीत मुठी. पंचक्रोशीत दुसरी मोटार नव्हती. नवरदेव मिरवायचा तर मी, साहेबलोकांना आणायचं तर मी, अडलेल्या बाईला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं तरी मीच. खुद्द व्यंकटरावांचा जन्म माझ्या मागच्या सीटवर झाला. दवाखाना येईपर्यंत थांबायला त्यांना सवड नव्हती! आज ते साठीचे आहेत, गावात त्यांच्या शब्दाला मान आहे, पण माझ्यासमोर त्यांचा आवाज कधी चढत नाही.

मला सगळ्यात जास्त गर्व होता तो माझ्या चार दारांचा. दार नुसतं लोटलं की ‘टक्’ असा एकच आवाज यायचा. आपटायला नको, दोनदा ओढायला नको. लोक उगाचच दार उघडायचे आणि पुन्हा लावायचे, तो आवाज ऐकायला. मी वरवर रागवायचे, पण आतून मला फार बरं वाटायचं.

पुढे माझे सुटे भाग मिळेनासे झाले. आधी इंजिन काढून विहिरीवर पाणी उपसायला लावलं. मग चाकं गेली. एके दिवशी बैलजोडी लावून मला शेतातल्या बाभळीखाली ओढत नेलं आणि तिथेच सोडलं. शेजारच्या पडीक रानात अनुसयाबाईंची मेंढरं बसायची. कोकरं लहान असली की त्यांना लांडग्याची भीती, म्हणून अनुसयाबाईंनी माझ्या सीटा बाहेर टाकल्या आणि आत कोकरं कोंडली. मित्रांनो, ज्या जागेवर साहेबलोक बसले त्या जागेवर लेंड्या! पहिलं वर्षभर मी कुढत होते. पण कोकराचं ओलं नाक अंगाला लागलं ना, की राग कुठल्या कुठे जातो. वर्षामागून वर्षं गेली. शेकड्यांनी कोकरं माझ्यात वाढली आणि मला त्यांची सवय झाली.

कोकरांच्या मुतानं मात्र माझा घात केला. बिचाऱ्यांना काय ठाऊक! माझा वरचा पत्रा जाड, जुन्या काळचा, तो टिकला. पण ज्यावर ते सगळं अंग बसलेलं असतं तो खालचा लोखंडी सांगाडा, मिस्त्री लोक ज्याला चेसिस म्हणतात, तो कुजून गेला. बोटानं टोकरलं तरी त्याचा लाल भुगा पडायचा.

व्यंकटरावांची साठी झाली तेव्हा त्यांच्या मनात आलं, आपण जिथे जन्मलो ती मोटार पुन्हा चालली पाहिजे. दोन-तीन शहरांतले मिस्त्री येऊन मला बघून गेले. एक म्हणाला, भंगारात घाला. दुसरा म्हणाला, दुसऱ्या गाडीचा चेसिस घेऊन त्यावर हे अंग बसवता येईल, पण ही भानगड मी अंगावर घेणार नाही. मग व्यंकटरावांनी मला एका ट्रॉलीत घातलं आणि आखाडा बाळापूरला आणलं, भागवत मिस्त्रींच्या दुकानी. भागवत मिस्त्री चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवत होते. व्यंकटराव म्हणाले, “भागवतची ट्रॉली मोडलेली मी अजून बघितली न्हाई. मोटारीचं बी तोच बघंल.”

पण भागवत मिस्त्रींना आता काहीच बघता येत नव्हतं. तरुणपणी डोळ्यांवर काळी काच न लावता वेल्डिंग केलं, त्या उजेडानं डोळे नेले. आता त्यांना फक्त सावल्या दिसायच्या. काम करायची ती त्यांची मुलगी शिवकन्या. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेली, बावीस-तेवीस वर्षांची, किडकिडीत अंगाची आणि कमालीची हट्टी. तिचा सांधा सरळ आणि एकसारखा यायचा. पण गिऱ्हाईक यायचं, तिला बघायचं, “मिस्त्री कुठं हायेत?” म्हणून विचारायचं आणि पलीकडच्या दुकानी निघून जायचं. शेवटी भागवत मिस्त्रींनी ठरवलं, वेल्डिंगचं मशीन विकायचं आणि शटर खाली ओढायचं.

मी आले त्या दिवशी ती वडिलांसमोर उभी राहिली. “बाबा, ही मोटार मला करू द्या. माझ्या एकटीच्या हातानं.”

“ट्रॉली न्हाई ती, बाई. जमलं तर दुकान तुझं. न्हाई जमलं तर?”

“तर मशीन मी स्वतः गाडीत चढवून देते.”

तेव्हा मला हे सगळं फारसं आवडलं नव्हतं. मी हैदराबाद पाहिलेली मोटार, आणि मला हात लावणार कोण, तर ट्रॉलीवाली पोरगी! नाक मुरडून बसले होते मी.

भागवत मिस्त्रींची एक रीत होती. ते शाळेत गेले नव्हते, टेपवरचे आकडे त्यांना कधी जमले नाहीत. ते सुतळीनं माप घ्यायचे. सुतळी ताणायची आणि जिथे माप येईल तिथे गाठ मारायची. एका ट्रॉलीची एक सुतळी. काम पुरं झालं की त्या गाठी ते स्वतःच्या हातानं सोडायचे. दुसऱ्या कुणाला सोडू द्यायचे नाहीत. त्या दिवशीही ते चाचपडत माझ्याजवळ आले. हातानं माझं बॉनेट, छत, दारांच्या चौकटी सगळं चाचपलं. जिथे जिथे हात पोचला तिथलं माप घेतलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं सुद्धा, आणि गाठी मारल्या. शिवकन्या हसली. “बाबा, टेप हाय की माझ्याजवळ.” सुतळी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ते खाटेवर जाऊन बसले.

आता माझ्या पायांची गोष्ट. बाळापूर ते हिंगोली अशी सवारी वाहणारी प्रभूची एक काळी-पिवळी जीप होती. पंधरा वर्षं तिनं माणसं वाहिली. उन्हाळ्यातल्या वादळात लिंबाची मोठी फांदी उभ्या जीपवर पडली आणि तिचं वरचं अंग चपटं झालं. आत कुणी नव्हतं म्हणून बरं. खालचा चेसिस, इंजिन, चाकं सगळं शाबूत होतं. शिवकन्येनं माप लावून पाहिलं तर जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर माझ्याशी बरोबर जुळलं. प्रभूनं जीप देऊन टाकली, पण जाताना तिच्या टायरवर हात ठेवून म्हणाला, “हिला कधी तकलीफ दिली न्हाई म्या. तुमी बी देऊ नका.” मी मनात म्हटलं, सवारीची जीप! तिच्यावर मी बसणार? पण मला विचारतंय कोण.

आणि मग ती चूक झाली.

माझं कुजलेलं खालचं अंग, चेसिस आणि त्यावरची फरशी, कापून काढायचं होतं. शिवकन्येनं दारं उतरवली, कटर लावला आणि एका दुपारात सगळी फरशी कापून मोकळी केली. ट्रॉलीचं काम तसंच करतात. ट्रॉलीला दारं नसतात हो! मोटारीची फरशी म्हणजे तिच्या दोन्ही कुशींना धरून ठेवणारा पट्टा. तो काढण्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरक्या पाइपा मारून अंग बांधून घ्यावं लागतं. तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटचा तुकडा सुटला आणि मला कळलं की मी फाकते आहे. दोन्ही बाजू बाहेर गेल्या, छत खाली आलं. मी ओरडले सुद्धा, पण पत्र्याच्या ओरडण्याला माणसं कुरकुर म्हणतात.

तिनं पुढचं दार आणून लावून पाहिलं. दार कुलपापर्यंत पोचेना. दोन बोटांची फट. मागचं लावलं, ते चौकटीत शिरेचना. ती खालीच बसली. मग उठून साखळीची कप्पी लावली आणि मला ओढून आत घ्यायला गेली. साखळीनं असा हिसका दिला की माझ्या डाव्या कुशीला ही लांब चुणी पडली. मित्रांनो, मला खरंच भीती वाटली. भंगाराचा काटा मला समोर दिसू लागला.

खाटेवरून भागवत मिस्त्रींनी विचारलं, “बाई, आवाज काहून बंद झाला?”

ती खोटं बोलू शकली असती. त्यांना कुठे दिसत होतं! पण ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “बाबा, म्या चुकले. मोटार फाकली. दारं लागून न्हाई राहिली. तुमी मशीनचं गिऱ्हाईक बघा.” एवढं बोलली आणि ओढणीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

ते म्हणाले, “ट्रॉलीला दार नसतं. माझ्या हातून बी हेच झालं असतं.” “पर खिळ्याला सुतळी हाय. मोटार आधी कशी व्हती, ते तिला ठावं हाय.”

सुतळीनं सांगितलं की मी किती फाकले आहे. पण मला हिसका न देता आत कसं आणायचं, ते सुतळी कुठून सांगणार? दोन दिवस शिवकन्या माझ्याभोवती नुसती फिरत होती. मी तशीच विटांच्या थप्प्यांवर आ वासून पडले होते.

तिसरा दिवस बाजाराचा होता. अनुसयाबाई मेंढ्या विकायला आल्या होत्या, त्या वाट वाकडी करून मला बघायला आल्या. “आमच्या कोकराचं घर कसं हाय, बघावं म्हनलं,” असं म्हणत आत आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. “अगं माय! काय केलंस गं हिचं?”

शिवकन्येनं सगळं सांगितलं. अनुसयाबाईंनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. चुणी पडली होती तिथे हात फिरवला.

“पोरी, साखळीनं काहून ओढलंस? जित्राबाला बी हिसका दिला तर ते अडून बसतं. आमी घोड्यावर बिऱ्हाड लादतो, ते कसं आवळतो? दोर बांधायचा, मधी काठी घालायची आन् पीळ द्यायचा. जरा जरा. ओझ्याला कळू बी द्यायचं न्हाई.”

“मावशी, लोखंड हाय हे.”

“लोखंड तर लोखंड. पसरलंय ना? मग आवळ की!”

त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा अंबाडीचा दोर काढून दिला. शिवकन्येनं माझ्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत दोर बांधला, एक सरळ आणि दोन तिरके. प्रत्येकात एकेक काठी घातली. अनुसयाबाई एका काठीला, शिवकन्या दुसऱ्या काठीला आणि प्रभू तिसऱ्या काठीला. हो, प्रभूही आला होता. तो रोजच आपल्या चेसिसला बघायला यायचा. आणि भागवत मिस्त्री मधोमध, सुतळी धरून. अर्धा पीळ दिला की ते सुतळी ताणायचे, बोटानं गाठ चाचपायचे आणि म्हणायचे, “अजून.” पुन्हा अर्धा पीळ. “अजून.” सगळी दुपार गेली. मला दुखत नव्हतं, मित्रांनो. उलट असं वाटत होतं की कुणीतरी मला कुशीत घेतंय. माझे कोपरे हळूहळू आपल्या जागी परत येत होते. एका आंधळ्या माणसाची बोटं, मेंढपाळ बाईचा दोर आणि मी! हैदराबादच्या बंगल्यात राहिलेली मी, त्या चौघांकडे बघतच राहिले.

“बस्स,” भागवत मिस्त्री म्हणाले. “गाठीला गाठ आली.”

मग शिवकन्येनं पाइपा मारल्या. ठिणग्यांनी दोर जळू नयेत म्हणून अनुसयाबाई त्यांच्यावर ओली पोती धरून उभ्या होत्या. सांधे निवल्यावर काठ्या सोडल्या आणि मी श्वास रोखला. मी जराही हलले नाही. त्यानंतर आठ-दहा दिवस तिनं माझ्या खालच्या कडा नव्या पत्र्यानं बांधल्या, नवी फरशी जोडली, चुणी ठोकून सपाट केली. जीपचं चपटं अंग उतरवलं, तिच्या चेसिसला मात्र कटर लावला नाही. त्यावर आठ लोखंडी पाय बसवले आणि प्रत्येक पायावर जाड रबराची गादी ठेवली. माझं अंग जीपच्या लोखंडाला घासू नये म्हणून.

मला उचलून ठेवायचा दिवस आला. शिवकन्या म्हणाली, यंत्र नको, साखळी तर मुळीच नको. मग जसं झोपडीचं छप्पर सगळा शेजार मिळून उचलतो, तसे बाजारातले हमाल, शेजारचे दुकानदार, व्यंकटराव आणि त्यांच्या गावची माणसं अशी वीसेक जणं माझ्याभोवती गोळा झाली. “बोला, नागनाथ महाराज की...” “जय!” आणि मित्रांनो, मी वर उचलले गेले. जमीन खाली राहिली! कोकरांनी भरलेली, बाभळीखाली रुतलेली मी, माणसांच्या हातांवर तरंगत होते. मला कुंपणापलीकडचा रस्ता दिसला, त्यावरची वाहनं दिसली. मी ज्यावर धावायचे तोच रस्ता जणू. आणि मग त्यांनी मला इतक्या अलगद खाली ठेवलं की रबराच्या आठ गाद्यांवर मी टेकले ते मलाही कळलं नाही. गाद्यांखालून जीपचं लोखंड मला जाणवलं. थंड, भक्कम, जराही न कुरकुरणारं. मी तिला सवारीची जीप म्हणून हिणवलं होतं. तिनं मला पेललं आणि एका शब्दानं बोलली नाही. मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी तिला धाकटी म्हणते.

शेवटी दारं चढवली. शिवकन्या बाजूला सरली. “बाबा, तुमीच लावा.”

भागवत मिस्त्री पुढे आले. माझी मूठ त्यांनी चाचपली आणि दार नुसतं लोटलं.

टक्.

एकच आवाज. चाळीस वर्षांनी! ते दुसऱ्या दाराकडे गेले. टक्. तिसऱ्याकडे, चौथ्याकडे. मग वाकून त्यांनी फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. व्यंकटरावांनी डोळ्यांना उपरणं लावलं होतं. प्रभू चाकाजवळ उकिडवा बसला होता. शिवकन्या वडिलांच्या बोटाकडे बघत होती.

भागवत मिस्त्रींनी खिशातून ती सुतळी काढली. सगळ्यांना वाटलं, आता ते गाठी सोडणार. त्यांनी सुतळी पुढे केली. “धर. गाठी सोड.”

“म्या? बाबा, गाठी तर तुमीच सोडता.”

“गाठी मिस्त्रीनं सोडायच्या असतात,” ते म्हणाले.

माझ्या नव्या पायरीवर बसून तिनं एकेक गाठ नखानं उकलली. पुष्कळ गाठी होत्या, वेळ लागला. पण उठून कुणी गेलं नाही.

आरटीओच्या कचेरीतून माझे नवे कागद व्हायचे आहेत, म्हणून अजून मी डांबरी रस्त्यावर जात नाही. व्यंकटराव मला शेताच्या वाटेनं फिरवतात. पहिल्यांदा धाकटीचं इंजिन चालू झालं तेव्हा माझ्या छतापर्यंत थरथर आली. पोटात दुसऱ्याचं काळीज धडधडतंय आणि तरी चालते आहे ती मीच! याचं नवल अजून संपलेलं नाही. अनुसयाबाईंच्या मेंढ्या वाटेत आडव्या आल्या की मी हॉर्न वाजवत नाही. न जाणो, त्यातली एखादी माझ्यातच वाढलेली असेल.

तर मित्रांनो, तुमच्या शेतात, अंगणात कुणी माझ्यासारखं गंजत पडलं असेल तर त्याला भंगारात देण्याआधी एकदा हात लावून बघा. अंग चांगलं असेल, फक्त पाय गेले असतील. आणि कुणाला कापायची वेळ आलीच तर आधी माप घ्या, सगळीकडून घ्या, तिरकंसुद्धा. चूक झालीच तर जाऊन खरं सांगा. शिवकन्येनं सांगितलं, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभी आहे.

ट्रॉल्यांची गिऱ्हाइकं आता पुन्हा आखाडा बाळापूरला येतात. परवा व्यंकटराव मला आणि धाकटीला ट्रॉलीत घालून दुकानी घेऊन गेले होते, तेव्हा एक शेतकरी आला आणि त्यानं खाटेवर बसलेल्या भागवतांना विचारलं, “मिस्त्री कुठं हायेत?” त्यांनी शिवकन्येकडे बोट केलं. ती भिंतीवरच्या खिळ्याची सुतळी काढत होती.